फ्लॉरेन्स नाइटिंगेल

इ. स. १८२० च्या मे महिन्याच्या १२ तारखेस इटलीतील फ्लॉरेन्स या नगरीत एका सधन इंग्रज कुटुंबात एक मुलगी जन्मास आली. आईबापांनी त्या नगरीचेच नाव तिला ठेवले. हीच पुढे जगप्रसिद्ध झालेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल होय.

फ्लॉरेन्सचे वडील विद्याव्यासंगी होते. मुलींना त्यांनी स्वतः ग्रीक, लॅटिन, इतिहास हे विषय शिकविले. फ्लॉरेन्सची खरी ओढ मात्र गणिताकडे. मुलीला गणित काय करावयाचे आहे, असे आईला वाटे. परंतु फ्लॉरेन्सने हट्ट सोडला नाही. तिचा दुसरा हट्ट याहून कठीण होता. तिला रुग्णांची शुश्रूषा करावयाची होती. त्या काळी इस्पितळातील परिचारिकेचे काम अत्यंत हलके समजले जाई. घरच्यांनी साफ नकार दिला. तेव्हा ती पहाटे उठून, मेणबत्तीच्या उजेडात, इस्पितळांचे अहवाल वाची आणि टिपणे काढी. अशी कित्येक वर्षे गेली. अखेर १८५१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, जर्मनीतील कैसरवर्थ येथे तिला हे शिक्षण घेता आले.

१८५३ साली लंडनमधील स्त्रियांच्या एका लहान रुग्णालयाचा कारभार तिच्याकडे आला. परिचारिकांचा निम्मा वेळ जिने चढण्या-उतरण्यातच जातो, हे तिच्या ध्यानात आले. तिने प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी नेण्याची आणि जेवणाची ताटे वर चढविण्यासाठी ओढयंत्राची योजना केली. कोणत्या रुग्णाने घंटा वाजविली हे तत्काळ कळेल, अशी व्यवस्थाही तिने मागितली. मायेच्या शब्दांइतकीच रुग्णाला या गोष्टींची गरज असते, हे तिने ओळखले होते.

पुढच्याच वर्षी इंग्लंड रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धात उतरले. जखमी सैनिकांना जहाजांतून काळा समुद्र ओलांडून इस्तंबूलजवळील स्कुटारीच्या इस्पितळात आणीत. तेथील दैन्याच्या वार्ता लंडनला पोहोचताच मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी फ्लॉरेन्सला पाचारण केले. ३८ परिचारिका बरोबर घेऊन ती ४ नोव्हेंबर १८५४ रोजी स्कुटारीस पोहोचली.

ते इस्पितळ म्हणजे एक प्रचंड जुनी बराक होती. जमिनीवर ओळीने माणसे निजलेली, भिंतींतून उंदीर धावत असलेले, साबण नाही, टॉवेल नाही, मोऱ्या तुंबलेल्या! नवल असे की, सामानाचा सर्वस्वी अभाव होता असेही नव्हे. एकदा हजारो सदरे बंदरात येऊन पडले होते. परंतु सरकारी मंडळाची अनुमती मिळेपर्यंत गाठोडी सोडावयाची नाहीत, असा नियम होता. सैनिक मात्र थंडीने कुडकुडत होते. फ्लॉरेन्सने वर्गणीच्या पैशातून फरशी घासण्याचे ब्रश, कपडे, भांडी विकत आणविली. एक घर भाड्याने घेऊन तेथे पाणी तापविण्याची सोय केली आणि सैनिकांच्या बायकांना कपडे धुण्याचे काम दिले. आजाऱ्यांसाठी निराळे स्वयंपाकघर उघडले. रात्री हातात दिवा घेऊन ती रुग्णांमधून फिरे. ते चित्र सर्वांस ठाऊक आहे; पण दिवसभर ती ज्या वह्या लिही, त्यांचे चित्र कोणी काढले नाही!

इतके करूनही मृत्यू थांबेनात. उलट त्या हिवाळ्यात ते वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचार घेणाऱ्या दर शंभर रुग्णांपैकी बेचाळीस दगावत होते. मार्चमध्ये इंग्लंडहून आरोग्य-तज्ज्ञांचे एक मंडळ आले. इमारतीखाली घाणीने भरलेली गटारे त्यांनी धुऊन काढविली, पाण्याच्या मार्गात कुजलेली जनावरे उचलविली, हवा खेळण्यासाठी वाटा पाडल्या. जूनपर्यंत ते प्रमाण शंभरात दोनांवर आले.

युद्ध संपून फ्लॉरेन्स मायदेशी परतली, तेव्हा लोक तिला देवता मानू लागले होते. तिने मात्र सत्कार टाळले आणि विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने मृतांची कोष्टके मांडली. शत्रूच्या गोळीने जितके सैनिक मेले, त्याहून कितीतरी अधिक टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले होते, हे त्यातून उघड झाले. त्या मृतांत तिच्या डोळ्यांदेखत, तिच्या स्वतःच्या इस्पितळात मेलेलेही होते. हे झाकून ठेवणे तिला सहज शक्य होते. तिने ते छापून प्रसिद्ध केले. आकड्यांचे रकाने मंत्री वाचणार नाहीत, हे जाणून तिने वर्तुळाकार आकृत्या काढल्या. वर्षाच्या बारा महिन्यांचे बारा भाग. रोगाने मेलेल्यांसाठी निळा रंग, जखमांनी मेलेल्यांसाठी तांबडा. निळा रंग इतका पसरलेला दिसे की, पाहणारा चकित होई. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सभासद करून घेतले. तो मान मिळविणारी ती पहिली स्त्री.

युद्धातून परतल्यावर तिची प्रकृती ढासळली आणि पुढील पुष्कळशी वर्षे तिने अंथरुणावरच काढली. तरी लेखणी थांबली नाही. सर्व इस्पितळांनी रुग्णांची नोंद एकाच पद्धतीने ठेवावी, म्हणून तिने नमुने तयार केले. लोकांनी तिच्या नावे सुमारे ४५,००० पौंडांचा निधी जमविला होता. त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा निघाली.

हिंदुस्थानात ती कधीच आली नाही. तथापि येथील लष्करी ठाण्यांकडे प्रश्नावल्या धाडून आलेल्या उत्तरांचे ढीग तिने वाचून काढले. पिण्याचे पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, अशा साध्याच गोष्टी तीत विचारलेल्या होत्या. चौकशीचा अहवाल १८६३ साली प्रसिद्ध झाला. लगेच पुढच्या वर्षी मुंबई, मद्रास व बंगाल या इलाख्यांत आरोग्य मंडळे स्थापन झाली. येथील इंग्रज सैन्यात पूर्वी दरवर्षी हजारी ६९ माणसे मरत. १८७३ च्या सुमारास ती संख्या १८ वर आली. पुढे खेड्यापाड्यांतील रयतेच्या आरोग्याविषयीही ती अखंड लिहीत राहिली.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, तिचे निधन झाले. थोर पुरुषांच्या शेजारी, वेस्टमिन्स्टर अॅबीत तिला पुरण्याचा प्रस्ताव आप्तांनी नाकारला. तिला गावाकडील कुटुंबाच्या स्मशानभूमीत पुरले. तेथील शिळेवर तिच्या नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूच्या तारखा एवढेच कोरलेले आहे.