जनरल भगत यांचा शेवटचा हुद्दा

कॅडेट मित्रांनो,

आपल्या शाळेतून बाहेर पडून मला एकोणतीस वर्षे झाली. सध्या मी कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागात राहतो. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आमच्या बॅचचे चौघे माझ्या घरी जमलो. एक जण सैन्यात कर्नल आहे. दुसरा मर्चंट नेव्हीत, त्याचे जहाज हल्दियाला लागले होते. तिसरा बँकेच्या कामासाठी मुंबईहून आला होता. चौथा मी, सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत नोकरी करणारा. पिठलं-भाकरी झाली, वर इथले मिष्टी दोई झाले. पहाटेचा बिगुल, उस्तादांनी मैदानाभोवती मारायला लावलेल्या चकरा, मेसमधली पातळ डाळ, सगळे निघाले. मग प्रत्येकाने शाळेनंतरचे आपापले सांगितले. माझी पाळी आली तेव्हा मी चहा टाकायला उठलो.

त्याचे कारण सांगतो. एन.डी.ए.ची लेखी परीक्षा आणि मुलाखत पार करूनही मी डोळ्यांमुळे वैद्यकीय तपासणीत नापास झालो. त्यानंतर वीस वर्षे मी माजी विद्यार्थ्यांच्या एकाही मेळाव्याला गेलो नाही. आपल्याकडे सांगण्यासारखे काही नाही, असे वाटत असे.

रात्री कर्नल मित्राला सोडायला निघालो. सॉल्ट लेकमधून बाहेर पडल्यावर व्हीआयपी रोडला दामोदर व्हॅली कॉर्पोरेशनची उंच इमारत लागते. ती पाहून मित्राने विचारले, जनरल भगत शेवटी याच महामंडळात होते हे मला ठाऊक आहे का. मला त्यांचा फक्त व्हिक्टोरिया क्रॉस ठाऊक होता. त्यानंतर जे वाचले ते तुमच्यासाठी लिहीत आहे.

प्रेमिंद्रसिंह भगत यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१८ रोजी गोरखपूरला झाला. वडील सरकारी इंजिनिअर होते. १९३० मध्ये, तुमच्यातल्या सर्वांत लहान कॅडेटच्या वयात, ते डेहराडूनच्या रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेजात दाखल झाले. १९२२ मध्ये सुरू झालेली ही निवासी शाळा आजही राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज या नावाने चालू आहे. अभ्यासात भगत साधारणच होते. १९३७ मध्ये ते तिथल्याच इंडियन मिलिटरी ॲकॅडमीत गेले. टेनिस आणि स्क्वॉशमध्ये मात्र ते तरबेज होते. ॲकॅडमीत असतानाच घोड्यावरून पडून त्यांच्या वडिलांचा मृत्यू झाला. त्यानंतर त्यांनी अभ्यासात मन घातले आणि जुलै १९३९ मध्ये ते बॉम्बे सॅपर्समध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. बॉम्बे सॅपर्स म्हणजे आपल्या पुण्याजवळच्या खडकीचे. दोन महिन्यांत दुसरे महायुद्ध सुरू झाले.

१९४१ च्या जानेवारीअखेर इटालियन फौज ॲबिसिनियातले मेटेम्मा सोडून मागे हटत होती आणि हटताना रस्त्यात सुरुंग पेरत होती. पाठलाग करणाऱ्या तुकडीच्या पुढे राहून रस्ता मोकळा करण्याचे काम बावीस वर्षांच्या भगतांकडे आले. चार दिवस, पंचावन्न मैल, पंधरा सुरुंगक्षेत्रे. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम. दोनदा त्यांची गाडी सुरुंगाने उडाली आणि सोबतचे जवान जखमी झाले वा मारले गेले. तिसऱ्यांदा दबा धरून बसलेल्या शत्रूने जवळून गोळीबार केला. स्फोटाने एका कानाचा पडदा फाटला. त्यांच्या जागी दुसरा अधिकारी देऊ केला तर त्यांनी नको म्हटले. सुरुंग कसे पेरले आहेत याचा अंदाज आता आपल्याला आला आहे, तेव्हा काम आपणच पुरे करावे, असे त्यांचे कारण होते. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले.

पुढे फाळणी झाली आणि त्यांच्या शाळेचे विद्यार्थीही वाटले गेले. थिमय्या हे त्याच शाळेचे, आणि पाकिस्तानचे असगर खान आणि गुल हसन खान हेही त्याच शाळेचे. एकाच मेसमध्ये जेवलेली मुले सीमेच्या दोन बाजूंना सेनानी झाली. १९६२ च्या पराभवाची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स यांच्यासोबत ब्रिगेडियर भगत यांनी केली. आपल्याच सैन्याच्या चुका लिहून काढण्याचे ते काम होते. १९७२ मध्ये नव्याने उभारलेल्या नॉर्दर्न कमांडचे ते पहिले प्रमुख झाले. काश्मीरमधली नियंत्रण रेषा नकाशांवर आखून ११ डिसेंबर १९७२ रोजी सुचेतगढला त्यावर सह्या झाल्या. भारताच्या बाजूची सही भगत यांची आहे.

यानंतर ते सरसेनापती होतील असे अनेकांना वाटत होते. पण जनरल बेवूर यांना मुदतवाढ मिळाली आणि १९७४ मध्ये भगत लेफ्टनंट जनरल म्हणूनच निवृत्त झाले. बेवूर हेही त्यांच्याच शाळेचे विद्यार्थी.

अशा वेळी माणूस घरी बसला असता तर कोणी नाव ठेवले नसते. भगत त्याच वर्षी दामोदर व्हॅली कॉर्पोरेशनचे अध्यक्ष म्हणून कलकत्त्याला आले. १९४८ मध्ये स्थापन झालेले हे महामंडळ दामोदर नदीचे पूर आवरते आणि वीज तयार करते. बंगालमध्ये ते दिवस विजेच्या टंचाईचे होते. मुलाखान्यांत, सलामीत आयुष्य गेलेला हा सेनानी आता बॉयलर, टर्बाइन आणि कोळशाच्या हिशेबात बसला. पंधरा सुरुंगक्षेत्रांनंतरचे हे सोळावे, असे मी म्हणेन. त्यांना एक वर्षही मिळाले नाही. २३ मे १९७५ रोजी कलकत्त्यातच, छप्पन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण अधिकारी होतील, काही जण होणार नाहीत. कोणाचे डोळे आड येतील, कोणाची गुणवत्ता यादी दोन नावे आधी संपेल. तेव्हा वर्गमित्रांचे फोन टाळू नका. मी टाळले, आणि त्या वीस वर्षांत आमच्या बॅचमधली दोन लग्ने आणि एक अंत्ययात्रा माझ्याकडून राहून गेली. कोणी माझा हुद्दा विचारणार नव्हते, फक्त मी आलो का एवढेच पाहणार होते.

त्या आठवड्यात मी तिघांनाही लांबलचक पत्र लिहिले. नोकरी, मुलीची दहावी, आईचे आजारपण, सगळे. यंदाच्या मेळाव्याला आम्ही चौघेही येत आहोत. मेसमध्ये भेटू.