पाखरांचा स्वर जपणारे लुडविग कॉख

उन्हाळ्याच्या आरंभी, पहाट फुटावयाच्या सुमारास, आमच्या शाळेच्या आवारातील कडुलिंबाच्या शेंड्यावर एक दयाळ पक्षी येऊन बसतो व गाऊ लागतो. काळ्या-पांढऱ्या अंगरख्यातील हा चिमुकला गवई शेपटी उंचावून अशा काही ताना घेतो की, ऐकणाऱ्याने हातातले काम ठेवावे. गेल्या चैत्रात आम्हास मोह झाला की, हे गाणे टिपून ठेवावे. मोबाइल उंच धरून आम्ही झाडाखाली पाच मिनिटे निश्चल उभे राहिलो. मागाहून ऐकून पाहतो तो दयाळाच्या जेमतेम चार ताना; बाकी सारा भालकीकडे जाणाऱ्या मोटारीचा कर्णा, दोन कुत्र्यांचे भांडण, हापशावरील घागरींचा खणखणाट आणि या सर्वांवर कडी म्हणून आमचाच खोकला!

पक्ष्याचे गाणे कानाला फुकट मिळते. यंत्राला ते मिळवून द्यावयाचे म्हणजे केवढे सायास पडतात, हे त्या दिवशी आमच्या ध्यानी आले. आणि ज्या पुरुषाने या एकाच सायासापायी आपले आयुष्य वेचले, त्या लुडविग कॉख यांचे चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या घरच्या मंडळींस सांगावे, असे वाटले.

हे गृहस्थ जर्मन होते आणि त्यांचा आपल्या बिदर-कलबुर्गीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो एका पक्ष्याच्या द्वारे आहे. आपल्या दयाळाचा एक सख्खा भाऊबंद सह्याद्रीच्या दाट रानात राहतो. त्याचे नाव शामा. पाठ व डोके काळेभोर, पोट तांबूस, शेपटी लांबलचक, तिच्या मुळाशी पांढरा ठिपका, आणि गळा दयाळाहूनही गोड. जगात ज्या पक्ष्याचे गाणे यंत्रावर सर्वांत आधी उमटले व आजवर टिकून राहिले असे मानतात, तो पक्षी म्हणजे हा आपल्याकडील शामा होय. साल होते १८८९. ते गाणे टिपणारा लुडविग तेव्हा अवघा सात-आठ वर्षांचा होता.

लुडविग कॉख यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८८१ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. घरात संगीताची आवड होती. मुलाला पशुपक्ष्यांचा नाद होता आणि त्याने नाना प्राणी पाळले होते. अशा मुलासाठी वडिलांनी लाइप्झिगच्या जत्रेतून एक अपूर्व वस्तू आणली: एडिसनचा फोनोग्राफ व त्यासोबत मेणाच्या नळकांड्यांची एक पेटी. एडिसनने हे यंत्र १८७७ साली शोधून काढले होते व युरोपात ते अद्याप नवलाचे होते. कर्ण्यासमोर आवाज केला की त्याच्या कंपनांनी एक पातळ पडदा थरथरे, पडद्याला जोडलेली सुई फिरत्या मेणावर चर पाडी आणि पुन्हा सुई त्या चरावरून फिरविली की तोच आवाज परत येई. यात विजेचा लवलेश नव्हता. म्हणूनच आवाज अगदी कर्ण्याच्या तोंडाशी व्हावा लागे. मनुष्य कर्ण्यात तोंड घालून गाईल. रानातला पक्षी कशाला येईल? बाल लुडविगजवळ एक शामा पिंजऱ्यात होता. त्याने त्यालाच कर्ण्यापुढे ठेवले. पूर्वेकडील गोड गळ्याचे पक्षी पकडून युरोपात विकावयास नेण्याची त्या काळी चालच होती. आम्हास तो पिंजरा रुचत नाही, हे सांगितलेच पाहिजे. आपल्या देशात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर असे रानपक्षी पकडणे वा बाळगणे हा गुन्हा ठरला आहे. पण एवढे खरे की, त्या पिंजऱ्यातील बंदिवानाचा स्वर मेणावर उमटला. पुढचे कॉख यांचे सारे आयुष्य पाहिले तर असे दिसते की, पाखरास यंत्राकडे न आणता यंत्रच पाखराच्या घरी कसे न्यावे, याच एका प्रश्नाचे उत्तर ते शोधीत राहिले.

मात्र हे उत्तर सापडावयास फार वर्षे लागली. मधल्या काळात कॉख व्हायोलिन शिकले, गायनाचा अभ्यास करून मैफलींतून गाऊ लागले. तोच १९१४ चे महायुद्ध आले आणि गायकाचा व्यवसाय संपुष्टात आला. त्याविषयी आम्ही अधिक लिहीत नाही. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट घडली ती १९२५ च्या सुमारास. त्या वेळी ध्वनिमुद्रणात विजेवर चालणारा मायक्रोफोन आला. आता कर्ण्यात तोंड घालण्याची गरज उरली नाही. मायक्रोफोन झाडावर टांगावा, त्याची लांब तार ओढीत न्यावी आणि तबकडी कोरणारे यंत्र दूर उभ्या केलेल्या गाडीत ठेवावे, असे करणे शक्य झाले. १९२८ साली कॉख एका ग्रामोफोन कंपनीत शिरले आणि तेथे त्यांनी ध्वनिपुस्तकाची कल्पना प्रत्यक्षात आणली. ध्वनिपुस्तक म्हणजे वाचावयास पुस्तक, पाहावयास छायाचित्रे आणि ऐकावयास सोबत ग्रामोफोनच्या तबकड्या. बर्लिन प्राणिसंग्रहालयाचे लुट्झ हेक यांच्यासह त्यांनी पूर्व आफ्रिकेच्या माळरानावरील प्राण्यांच्या आवाजाचे असेच एक पुस्तक सिद्ध केले. ज्यांनी आफ्रिका कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती, त्यांच्या बैठकीच्या खोलीत ती कानांवाटे येऊन पोहोचली.

येथे थोडे आपल्या घरी येऊ. साधारण याच सुमारास, १९३१-३२ साली, सलीम अली हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी करीत होते. बिदर व तेव्हाचा गुलबर्गा, म्हणजे आजचा कलबुर्गी, हे दोन्ही जिल्हे त्या वेळी त्याच संस्थानात मोडत. १९५६ साली ते म्हैसूर राज्यात आले. सलीम अलींच्या त्या पाहणीचा वृत्तांत मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या नियतकालिकात पुढे १९३३-३४ मध्ये छापून आला. पक्ष्याचा रंग, आकार, घरट्याची जागा हे सारे वृत्तांतात लिहिता येते. आवाज मात्र अक्षरांत मावत नाही. आपल्या शेतकऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मृग जवळ आला की मांजरेकाठच्या आंबराईत पावशा ओरडू लागतो आणि मराठी घरातील माणसास त्याच्या आवाजात पेरणी करण्याची सूचना ऐकू येते. त्याच आंबराईपलीकडील कानडी शेजाऱ्यास तो तेच शब्द बोलतो असे कसे म्हणावे? पक्षी एक, स्वर एक; कान मात्र आपापल्या भाषेचे. खरा स्वर जपावयाचा तर अक्षर पुरे पडत नाही, हे कॉख यांनी ओळखले होते.

पण स्वर जपणाऱ्या या माणसास स्वतःची मायभूमी राखता आली नाही. १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली व ज्यूंचा छळ सुरू झाला. १९३६ च्या आरंभी कॉख व्याख्यानांसाठी स्वित्झर्लंडमध्ये गेले असता परत फिरणे धोक्याचे झाले. फेब्रुवारीत ते इंग्लंडच्या किनाऱ्यास लागले. वय चोपन्न, घर, नोकरी, यंत्रसामग्री सारे मागे राहिलेले, भाषा परकी. अशा माणसाने पोटापाण्यासाठी मिळेल ते काम पत्करावे, हे स्वाभाविक होते. कॉख यांनी मात्र पक्षिविषयक ग्रंथांचे प्रकाशक हॅरी विदर्बी यांना गाठले आणि इंग्लंडातील रानपक्ष्यांचे ध्वनिपुस्तक काढण्याचा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवला. विदर्बींनी तो मानला. मजकुरासाठी मॅक्स निकल्सन हे तरुण पक्षिअभ्यासक मिळाले आणि वसंत ऋतू उजाडताच कामास आरंभ झाला.

हे काम कसे चाले, ते नीट ध्यानी घेण्याजोगे आहे. यंत्राने भरलेली जड मोटारगाडी रानाच्या कडेस उभी करावयाची. आधी कॉख एकटेच पायी हिंडून पक्षी कोणत्या फांदीवर बसून गातो, ते हेरून ठेवीत. कारण बहुतेक गाणाऱ्या पक्ष्यांची बैठक ठरलेली असते. आमचा दयाळही कडुलिंबाचा तोच शेंडा धरून बसतो. मग त्या फांदीजवळ मायक्रोफोन बांधून त्याची तार झुडपांतून गाडीपर्यंत आणावयाची आणि पहाटेच्या आधीपासून श्वास रोखून वाट पाहावयाची. पक्षी गाऊ लागला की मेणाची तबकडी फिरू लागे. तेवढ्यात वारा सुटे, नाहीतर दूर आगगाडी शीळ घाली, नाहीतर विमान डोक्यावरून जाई, की तबकडी वाया! पुन्हा नवी तबकडी, पुन्हा प्रतीक्षा. सोबतच्या तंत्रज्ञांना कॉख यांचा हा हट्ट पुष्कळदा जड जाई. ते स्वभावाने सोपे नव्हते, असे म्हणतात. आम्हास यात नवल वाटत नाही. सोप्या स्वभावाच्या माणसाने तिसऱ्या तबकडीनंतर घरची वाट धरली असती.

पुस्तक त्याच वर्षी, १९३६ मध्ये, बाहेर पडले आणि लोकांनी ते उचलून धरले. पुढील वर्षी दुसरा भाग निघाला. १९३८ साली ज्यूलियन हक्स्ली यांच्याबरोबर प्राण्यांच्या भाषेवरील ध्वनिपुस्तक आले. हेच हक्स्ली पुढे युनेस्कोचे पहिले महासंचालक झाले. बेल्जमच्या राणी एलिझाबेथ यांनीही कॉख यांस आपल्या राजवाड्याच्या उपवनातील पाखरे टिपण्यासाठी बोलावून घेतले. दोन वर्षांमागे ज्यास आपल्या घरी परतता येत नव्हते, त्यास आता राजवाड्याच्या बागेत पहाटे हिंडण्याची मोकळीक मिळाली.

मग दुसरे महायुद्ध आले. १९४१ साली कॉख बीबीसी या ब्रिटिश नभोवाणीच्या सेवेत रुजू झाले. पुढे ते स्वतः श्रोत्यांशी पाखरांविषयी बोलू लागले. त्यांचे इंग्रजी अस्सल जर्मन वळणाचे होते. ज्या देशावर जर्मन विमानांनी बाँब टाकले होते, त्या देशातील घराघरांत हा जर्मन वळणाचा आवाज येई. आणि लोक तो बंद करीत नसत, उलट मुलाबाळांना जवळ बोलावून ऐकवीत. त्यांच्या उच्चारांच्या नकला होत, पण त्या प्रेमाच्या असत. आमच्या या सरहद्दीवरील वाचकांस यातील मर्म निराळे सांगावयास नको. आपल्या मराठीत कानडीचा हेल आणि उर्दूचे शब्द सहज मिसळलेले असतात आणि पुण्या-मुंबईकडे गेले की तोंड उघडताच कोणी ना कोणी हसतो. कॉख यांनी आपला हेल लपविण्याचा खटाटोप केला नाही. सांगण्याजोगे काही जवळ असले की लोक हेलासकट ऐकतात, असा त्यांचा अनुभव होता.

१९४८ साली बीबीसीने त्यांचा ध्वनिसंग्रह विकत घेतला. तिच्या निसर्गध्वनींच्या भांडाराचा तोच पाया झाला. १९५१ मध्ये ते निवृत्त झाले. पण घरी बसले नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर हा गृहस्थ यंत्रे घेऊन आइसलँडच्या थंडीत उत्तरेकडील पाणपक्ष्यांच्या मागे गेला! १९५५ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले आणि १९६० साली ब्रिटिश सरकारने त्यांस एम.बी.ई. हा किताब दिला. एव्हाना वाहून नेता येणारी ध्वनिफितीची यंत्रे निघाली होती व जगभर अनेकजण हे काम करू लागले होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने १९५८ मध्ये मायल्स नॉर्थ यांनी आफ्रिकेत टिपलेले पक्ष्यांचे आवाज प्रसिद्ध केले. त्याच विद्यापीठाच्या मंडळींनी १९३५ साली लुइझियानाच्या दलदलीत हस्तिदंती चोचीच्या एका मोठ्या सुतारपक्ष्याचा आवाज टिपला होता. पुढे तेथील जुने जंगल तोडले गेले. त्या पक्ष्याचे १९४४ नंतर सर्वांस मान्य होईल असे दर्शन घडलेले नाही. आवाज तेवढा उरला आहे.

हे वाचताना आम्हास आपला माळढोक आठवतो. दख्खनच्या गवताळ माळांवर माणसाच्या कमरेला लागेल एवढा हा पक्षी एके काळी हिंडत असे आणि विणीच्या दिवसांत नराचा खोल घुमारा दूरवर ऐकू जाई. आज सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्या नावाचे अभयारण्य आहे. तेथेही तो दिसणे दुर्मिळ झाले आहे. आपल्या गावच्या एखाद्या आजोबांनी लहानपणी तो घुमारा ऐकला असेल, तर विद्यार्थ्यांनी त्यांच्याजवळ बसून विचारून घ्यावे. आमच्यापैकी एकाच्या आजोबांनी तो तोंडाने काढून दाखविला. त्या वेळी मात्र मोबाइल चालू करण्याचे आमच्या ध्यानी राहिले नाही.

लुडविग कॉख ४ मे १९७४ रोजी लंडनच्या हॅरो भागात, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी वारले. १८८९ सालचे ते ध्वनिमुद्रण आजही जपून ठेवलेले आहे. ऐकू लागले की आधी मेणावरील सुईची खरखर येते. वाटते, एवढेच असावे. मग त्या खरखरीच्या आतून, अगदी बारीक पण स्वच्छ, शामा गाऊ लागतो.