एकवीस वर्षांचा अरुण



आपल्या शहराला लष्कर नवे नाही. टँक म्युझियम तर आपल्यापैकी बहुतेकांनी मुलाबाळांना घेऊन एकदा तरी पाहिले आहे. पण याच छावणीतून १९७१ च्या अखेरीस प्रशिक्षण अर्धवट सोडून युद्धावर गेलेल्या एका तरुणाची आठवण आपल्याकडे त्या मानाने कमीच निघते. येत्या १६ डिसेंबरला त्याचा स्मृतिदिन आहे.

अरुण खेत्रपाल याचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यात झाला. घराणे पिढ्यान्‌पिढ्या सैनिकांचे. वडील एम. एल. खेत्रपाल लष्कराच्या इंजिनिअर्स दलात ब्रिगेडियरपदापर्यंत पोहोचले. त्यांचे मूळ गाव सरगोधा, फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले. अरुणचे शिक्षण सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये आणि नंतर खडकवासल्याच्या प्रबोधिनीत झाले. १३ जून १९७१ रोजी तो सेकंड लेफ्टनंट म्हणून पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये दाखल झाला. तरुण अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमासाठी त्याला आपल्या अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) पाठवले होते. तो शिकत असतानाच युद्धाचे ढग जमले आणि त्याला रेजिमेंटमध्ये परत बोलावणे आले. वाटेत तो दिल्लीला घरी थांबला. सामानात त्याने गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा गणवेशही भरून घेतला, कारण लाहोरला पोहोचल्यावर त्यांची गरज लागणारच, अशी त्याची खात्री होती. एकविसाव्या वर्षी माणूस असाच असतो.

जम्मूच्या दक्षिणेला शकरगड भागात बसंतर नदी आहे. १५ डिसेंबरच्या रात्री आपल्या पायदळाने ती ओलांडून पलीकडे ठाव घेतला. वाटेत सुरुंग पेरलेले होते. ते काढण्याचे काम पूर्ण होण्याआधीच पूना हॉर्सचे रणगाडे त्यातून पुढे निघाले. दुसऱ्या दिवशी जरपाल गावाजवळ शत्रूच्या रणगाड्यांनी जोरदार प्रतिहल्ला केला. तेथील तुकडीने मदत मागितली आणि अरुण आपल्या ‘फामागुस्ता’ या सेंच्युरियन रणगाड्यातून तिकडे धावला. त्यानंतरच्या लढाईत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले, त्यांपैकी चार एकट्या अरुणचे, असे त्याच्या शौर्यपत्रात नमूद आहे.

त्याच्या रणगाड्यावर गोळा बसला व त्याने पेट घेतला. वरिष्ठांनी रेडिओवरून रणगाडा सोडण्याचा आदेश दिला. आपली तोफ अजून चालते आहे, असे कळवून अरुणने रेडिओ बंद केला. हा आज्ञाभंग होता काय? आज्ञापालनावर आम्ही सेमिनरीत पुष्कळ चर्चा केल्या आहेत, पण असे उदाहरण कोणी समोर ठेवले नव्हते. मला वाटते, स्वतःचा जीव वाचवण्यासाठी मोडलेली आज्ञा आणि मागे उभ्या असलेल्या सोबत्यांसाठी मोडलेली आज्ञा यांना एकाच तराजूत घालता येणार नाही. थोड्याच वेळात दुसरा गोळा बसला आणि अरुण गेला. त्याच रणगाड्यातील सवार नंदसिंगही त्या दिवशी कामी आले. नंदसिंगांचे नाव कोणी सहसा घेत नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहिले.

त्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडेही युद्ध थांबले. घरच्यांना वाटले, आता अरुण येईल. त्यानंतर तार आली.

अरुणला मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. त्याच्या आईने ते स्वीकारले. ‘फामागुस्ता’ रणगाडा पुढे दुरुस्त करून आपल्याच शहरातील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपण्यात आला.

पण मला ही हकीकत सांगाविशी वाटली ती तीस वर्षांनंतरच्या एका भेटीसाठी. २००१ मध्ये ८१ वर्षांचे ब्रिगेडियर खेत्रपाल आपले जन्मगाव सरगोधा पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासिर यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. सगळ्या कुटुंबाने पाहुण्यांची मनापासून सरबराई केली. निघण्याच्या आदल्या रात्री नासिर यांनी मन मोकळे केले. जरपालच्या रणांगणावर आपल्याच हातून अरुणचा मृत्यू झाला, हे त्यांनी सांगितले. दोघांनी एकमेकांवर एकाच वेळी गोळा डागला होता. तो तरुण कोण, हे त्यांना नंतर समजले.

नासिर यांना हे लपवणे सहज शक्य होते. कोणी विचारले नव्हते, कोणाला कळलेही नसते. तीस वर्षे मनात वागवलेले ओझे त्यांनी ज्या बापाचे मूल गेले त्याच्यासमोरच उतरवले. कबुलीजबाब ऐकायला बसणाऱ्या माझ्यासारख्याला त्याची किंमत कळते. आणि ब्रिगेडियर खेत्रपाल? ज्याच्या घरचे मीठ खाल्ले, त्याच्याकडून हे ऐकल्यावर त्यांना शब्द सुचले नाहीत. पण रागाने ते उठून गेले नाहीत. ती रात्र त्यांनी त्याच घरात काढली. दुसऱ्या दिवशी दोघांनी एकत्र छायाचित्रे काढून घेतली आणि मग खेत्रपाल दिल्लीला परतले.