विल्यम हेन्री साइक्स

विल्यम हेन्री साइक्स (२५ जानेवारी १७९० – १६ जून १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी, संख्याशास्त्रज्ञ व निसर्गअभ्यासक होते. दख्खनमधील गोड्या पाण्यातील माशांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते.

कंपनीच्या नोकरीत ते १८०३ मध्ये दाखल झाले. १८१७–१८ च्या इंग्रज-मराठा युद्धात त्यांनी भाग घेतला. १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांना मुंबई सरकारचे सांख्यिकी वृत्तलेखक नेमले. जमीन, पिके व लोकसंख्या यांची माहिती गोळा करता करता त्यांनी पक्षी, सस्तन प्राणी व मासे यांचीही नोंद केली. हे काम त्यांच्या मूळ जबाबदारीचा भाग नव्हते. आज मात्र ते मुख्यतः त्यासाठीच ओळखले जातात.

== दख्खनचे मासे ==
भीमा व तिच्या उपनद्यांतील माशांवरील त्यांच्या लेखनातील नव्या जातींना १८३९ हे वर्ष लावले जाते. त्यांनी अनेक जातींना स्थानिक मराठी नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. खुद्री, कोलुस, मुल्या, पोटेल ही नावे त्यामुळे जगभरच्या प्राणिशास्त्रात रूढ झाली. ती सांगणाऱ्या कोळ्यांची नावे मात्र तेथे आली नाहीत. तोंडावर खोल खाच असलेल्या ‘नुक्ता’ या माशाच्या नावात मराठी वाचकाला ‘नकटा’ सहज ऐकू येतो. ही जात आता संकटग्रस्त आहे.

अहीर माशाला त्यांनी एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. ते पुढे टिकले नाही. अहीर हा खरा ईल असून प्रजननासाठी समुद्रात जातो. त्याच्याशी नेहमी गल्लत होणारी वाम (मॅस्टासेम्बेलस आर्मेटस) वेगळ्या गणातील आहे. तिच्या पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते आणि ती दिवसा वाळूत किंवा दगडाखाली दडते. म्हणूनच घरगुती मत्स्यालयात तिच्यासाठी तळाशी मऊ वाळू आणि वरून घट्ट झाकण लागते. तिचे शास्त्रीय नाव फ्रेंच अभ्यासक लासेपेद यांनी १८०० मध्येच दिले होते, त्यामुळे त्यात मराठी शब्द आला नाही.

बीड जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. मात्र त्याच्या सीमेवरून वाहणारी सीना नदी भीमेलाच मिळते.

== उत्तरायुष्य ==
मायदेशी परतल्यावर साइक्स १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य, १८५६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष व १८५७ पासून मृत्यूपर्यंत ॲबरडीनचे खासदार होते. त्यांचे निधन लंडनमध्ये झाले.