मुक्या जिवांच्या कैवारी : रुक्मिणीदेवी

२९ फेब्रुवारी ही तारीख चार वर्षांतून एकदाच येते. रुक्मिणीदेवींचा जन्म याच तारखेला, १९०४ साली, दक्षिणेतील मदुराई शहरात झाला. १९८६ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या वाट्याला खरे वाढदिवस वीसच आले होते! या लांबलचक आयुष्यात त्यांनी दोन मोठी कामे केली. एक रंगमंचावरचे आणि दुसरे मुक्या जनावरांसाठी.

रुक्मिणीदेवींचे वडील नीलकंठ शास्त्री हे सरकारी खात्यात इंजिनियर होते. नोकरी संपल्यावर ते मद्रासजवळ अड्यार येथे राहायला आले. मद्रास म्हणजे आजचे चेन्नई. अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटी या संस्थेचे मुख्य ठिकाण होते. सर्व धर्मांचा अभ्यास करणारी देशोदेशीची माणसे तेथे राहत. डॉ. ॲनी बेझंट या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. तेथेच रुक्मिणीदेवींची जॉर्ज अरुंडेल या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाशी ओळख झाली आणि १९२० साली दोघांनी लग्न केले. मुलगी सोळा वर्षांची, ब्राह्मण घराण्यातली; नवरा चाळिशी ओलांडलेला आणि परदेशी. मद्रासमध्ये मोठा गदारोळ उठला. त्यामुळे हे लग्न मुंबईला येऊन करावे लागले.

आठ वर्षांनी मुंबईनेच त्यांच्या आयुष्याला आणखी एक वळण दिले. १९२८ साली रशियाची जगप्रसिद्ध नर्तकी ॲना पावलोव्हा मुंबईला आली होती. अरुंडेल पतिपत्नींनी तिचा कार्यक्रम पाहिला. पुढे ऑस्ट्रेलियाला जाताना योगायोगाने तिघेही एकाच जहाजावर होते. रुक्मिणीदेवी पावलोव्हाच्या मंडळींकडून पाश्चात्त्य नृत्य शिकू लागल्या. पण पावलोव्हानेच त्यांना सुचवले, की आपल्या देशाच्या कलेकडे वळा.

आपल्या देशाची कला म्हणजे कोणती? तमिळ प्रदेशात 'सदिर' नावाचे एक जुने नृत्य होते. देवळाशी बांधलेल्या देवदासी ते करीत. त्यांचे गुरू पिढ्यान्‌पिढ्या हीच विद्या शिकवीत. परंतु त्या काळी या बायकांकडे समाज तुच्छतेने पाहत असे. त्यांचे नाचणे बंद करा, अशी चळवळही चालू होती. घरंदाज मुलीने हे नृत्य पाहणेसुद्धा लोकांना खपत नसे. १९३३ साली मद्रासच्या संगीत अकादमीत रुक्मिणीदेवींनी ते पाहिले आणि त्या थक्क झाल्या. एवढी सुंदर विद्या मरू द्यायची नाही, असे त्यांनी ठरवले. मैलापूर गौरी अम्माल आणि मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांच्याकडे त्या शिकू लागल्या. तेव्हा त्यांचे वय जवळजवळ तीस होते. इतर मुली सातव्या-आठव्या वर्षी पायांत चाळ बांधतात, हे लक्षात घ्या.

डिसेंबर १९३५ मध्ये अड्यारला त्यांनी पहिल्यांदा लोकांसमोर हे नृत्य केले. या नृत्यात अभिनयही असतो. एकच स्त्री क्षणात आई होते, क्षणात मूल होते, हरीण होते, मोर होते. आणि हे सर्व डोळ्यांनी, भुवयांनी व बोटांनी दाखवायचे असते. नावे ठेवायला आलेले लोकही त्या दिवशी गप्प झाले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९३६ मध्ये, त्यांनी एक कलासंस्था सुरू केली. तीच पुढे 'कलाक्षेत्र' या नावाने प्रसिद्ध झाली. सदिरला आता भरतनाट्यम म्हणू लागले. पूर्वी वाजवणारे नर्तकीच्या मागे उभे राहून तिच्याबरोबर पुढे-मागे सरकत. रुक्मिणीदेवींनी त्यांना रंगमंचाच्या एका बाजूला बसवले. देवळांतील मूर्ती पाहून त्यांनी नवा पोशाख तयार केला. रामायणावर सहा भागांची नृत्यनाट्येही बसवली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती बरेचदा सांगितली जात नाही. ज्या घराण्यांनी शतकानुशतके ही कला सांभाळली, त्यांतील काहींना रुक्मिणीदेवींचे बदल पटले नाहीत. प्रसिद्ध नर्तकी बालसरस्वती यांनी उघड विरोध केला. नृत्यातील शृंगार काढून टाकला, तर त्याचा जीवच जातो, असे त्यांचे मत होते. कलेला इज्जत मिळाली, पण ती जपणाऱ्या बायका मागेच राहिल्या, ही तक्रार मला खोटी वाटत नाही. मात्र रुक्मिणीदेवींनी स्वतः शिव्याशाप सोसून दार उघडले, हेही तितकेच खरे आहे.

१९४५ साली जॉर्ज अरुंडेल वारले. १९५२ मध्ये राज्यसभा स्थापन झाली. राष्ट्रपतींनी विद्या, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतील बारा जणांची तिच्यावर नेमणूक केली. त्यांत डॉ. झाकीर हुसेन होते, काका कालेलकर होते, नट पृथ्वीराज कपूर होते. बाराजणांत स्त्री एकच, रुक्मिणीदेवी!

त्या तेथे कलेविषयी बोलतील असे सर्वांना वाटले असेल. त्या बोलल्या जनावरांविषयी. लहानपणापासून त्यांना प्राण्यांचा लळा होता. त्या पूर्ण शाकाहारी होत्या. इंग्रजांच्या वेळचा १८९० सालचा एक कायदा होता, पण तो फार तोकडा होता. १९५३ साली रुक्मिणीदेवींनी स्वतः एक विधेयक मांडले. विधेयक म्हणजे कायद्याचा मसुदा. हा शब्द तुम्हांला परका नाही. मंत्री नसलेल्या सभासदाने मांडलेले विधेयक सहसा मंजूर होत नाही. पंडित नेहरूंनी त्यांचे म्हणणे मान्य केले, पण विधेयक मागे घ्या, सरकार स्वतः असा कायदा आणील, असे सुचवले. त्यांनी ते मागे घेतले. मग समिती नेमली गेली, चर्चा झाल्या, वर्षे गेली. रुक्मिणीदेवींनी पिच्छा सोडला नाही. अखेर १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला.

या कायद्यात काय आहे? बैलाला किंवा घोड्याला निर्दयपणे मारणे, ताकदीबाहेर ओझे लादणे, आजारी किंवा जखमी जनावराला कामाला जुंपणे, पक्ष्याला हलताही येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे, हे सर्व गुन्हे ठरले. तुमच्या गावात टांगे असतील, तर घोड्याच्या खांद्यावरची जखम तुम्ही पाहिली असेल. तसल्या जखमेची दखल घेणारा हा कायदा आहे. प्रयोगशाळेतील प्राण्यांवर लक्ष ठेवण्यासाठी समिती नेमण्याची सोयही त्यात आहे. दंड मात्र अगदीच किरकोळ ठेवला गेला : पहिल्या गुन्ह्याला फार तर पन्नास रुपये! १९६० साली ही रक्कम आजच्याइतकी क्षुल्लक नव्हती. पण ती वाढवण्याची आठवण कोणाला होऊ नये, याचे नवल वाटते.

कायद्याचा एक भाग खेळ करणाऱ्या जनावरांविषयी आहे. मदाऱ्याचे माकड, सर्कशीतला वाघ अशा प्राण्यांची नोंदणी करणे त्यात सक्तीचे केले आहे. मला हा भाग रुक्मिणीदेवींच्या फार जवळचा वाटतो. रंगमंचावर उभे राहण्यासाठी किती कष्ट लागतात, ते त्यांना पक्के ठाऊक होते. पण त्या स्वतःच्या मर्जीने नाचल्या. माकडाला त्याची मर्जी कोणी विचारत नाही.

१९६२ मध्ये या कायद्याखाली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले. रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्ष होत्या. मंडळाचे कार्यालय मद्रासलाच होते. सकाळी नृत्याचे वर्ग पाहायचे आणि मग मंडळाची कागदपत्रे हातात घ्यायची, असे दोन्ही संसार त्यांनी उतारवयातही सांभाळले. प्रयोगांसाठी हजारो माकडे परदेशी पाठवली जात. त्याविरुद्ध ज्यांनी आवाज उठवला, त्यांत त्या होत्या. १९७८ साली सरकारने ही निर्यात बंद केली.

त्याच्या आदल्या वर्षी एक वेगळीच घटना घडली. राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांचे निधन झाले होते. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी राष्ट्रपतिपदासाठी रुक्मिणीदेवींचे नाव सुचवले. त्यांनी नम्रपणे नकार दिला. त्यांनी होकार दिला असता आणि त्या निवडून आल्या असत्या, तर भारताला पहिली स्त्री राष्ट्रपती तीस वर्षे आधीच मिळाली असती. पण कलाक्षेत्र सोडून राष्ट्रपती भवनात जाण्यात त्यांना रस नव्हता.

२४ फेब्रुवारी १९८६ रोजी मद्रास येथे त्यांचे निधन झाले. १९९३ साली संसदेने कायदा करून कलाक्षेत्राला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले. आणि १९९८ साली, १९६० च्या त्याच कायद्याचा आधार घेऊन, सरकारने एक हुकूम काढला : अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना यापुढे खेळात नाचवता येणार नाही.