टपालाच्या चाळणीमागचा धर्मोपदेशक

गोंदिया, प्रतिनिधी

तांदळाच्या गिरण्यांचे गाव असलेल्या गोंदियात चाळणीचे महत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जाळी सैल राहिली तर खडा पोत्यात जातो. फार कडक केली तर चांगला दाणाही कचऱ्याबरोबर बाहेर पडतो. हाच पेच गिरणीच्या कार्यालयातील संगणकावरही उभा राहिला आहे. स्वतःच्या संकेतस्थळाच्या नावाने ई-मेलचा पत्ता घेतलेल्या व्यापाऱ्याला लॉटरी, स्वस्त कर्ज आणि बँकेच्या नावाने आलेले बनावट निरोप यांच्या ढिगाऱ्यातून खरी मागणी शोधावी लागते. ती मागणीच स्पॅम समजून अडवली गेली, तर सौदा हातचा जातो. हा निवाडा करणाऱ्या चाळणीच्या मुळाशी असलेला विचार मांडणारा मनुष्य मात्र १७६१ सालीच जग सोडून गेला होता. त्याचे नाव थॉमस बेझ.

बेझ यांचा जन्म १७०१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये झाला. वडील जोशुआ बेझ हे अधिकृत चर्चपासून फारकत घेतलेल्या पंथाचे धर्मोपदेशक होते. या पंथीयांना त्या काळी ऑक्सफर्डमध्ये प्रवेश नव्हता आणि केंब्रिजची पदवीही मिळत नसे. साहजिकच थॉमस यांनी १७१९ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठाची वाट धरली. तेथे त्यांनी तर्कशास्त्र व धर्मशास्त्राचा अभ्यास केला. पुढे केंट परगण्यातील टनब्रिज वेल्स या झऱ्याच्या पाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी ते उपदेशक म्हणून स्थिरावले व १७५२ पर्यंत त्यांनी ती सेवा केली.

हयातीत त्यांच्या नावावर फारसे लेखन नव्हते. १७३१ मध्ये ईश्वराच्या कृपाळूपणावर एक पुस्तिका प्रसिद्ध झाली. बिशप बर्कली यांनी न्यूटनच्या कलनशास्त्राच्या पायावरच हल्ला चढविला, तेव्हा १७३६ मध्ये त्याला उत्तर देणारे एक पुस्तक बेझ यांनी लिहिले, तेही निनावी. १७४२ मध्ये त्यांची रॉयल सोसायटीवर निवड झाली. त्यांचे खरे काम या काळात कागदांच्या गठ्ठ्यात पडून होते.

त्यांनी स्वतःला घातलेले कोडे वरकरणी साधे होते. सपाट मेजावर एक चेंडू टाकला. तो कोठे थांबला हे आपल्याला ठाऊक नाही. त्यानंतर एकेक चेंडू टाकला जातो आणि तो पहिल्याच्या डावीकडे पडला की उजवीकडे, एवढेच आपल्याला कळते. एवढ्यावरून पहिल्याची जागा किती खात्रीने सांगता येईल? प्रत्येक नव्या माहितीगणिक पूर्वीचा अंदाज सुधारत न्यावा, हे त्यांच्या उत्तराचे सार होय.

७ एप्रिल १७६१ रोजी बेझ यांचे निधन झाले. त्यांचे स्नेही रिचर्ड प्राइस यांनी मागे राहिलेली कागदपत्रे चाळली व हा निबंध सुधारून डिसेंबर १७६३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडला. प्राइस यांनी तो गठ्ठा बाजूला सारला असता, तर बेझ यांचे नाव आज कोणी घेतले नसते. १७७४ मध्ये फ्रान्सच्या लाप्लास यांनी स्वतंत्रपणे याच विचाराला व्यापक रूप दिले.

विसाव्या शतकात या पद्धतीला नवे बळ देणाऱ्यांत केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज अग्रणी होते. त्यांच्या हाताखाली संशोधन केलेले कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी पुढे पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभारला. महाराष्ट्राचा या परंपरेशी असलेला हा धागा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

नको असलेल्या टपालासाठी या पद्धतीचा उपयोग १९९८ च्या सुमारास संशोधकांनी सुरू केला, आणि २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांच्या लेखाने ती सर्वतोमुखी केली. समजा, शंभर निरोपांपैकी साठ टाकाऊ आहेत. ‘लॉटरी’ हा शब्द त्यातील तीस निरोपांत आणि चाळीस चांगल्यांपैकी एकातच आढळतो. म्हणजे हा शब्द असलेल्या एकतीसपैकी तीस निरोप टाकाऊ ठरले. अशा अनेक शब्दांची साक्ष एकत्र करून निर्णय होतो. म्हणूनच ‘कर्ज’ हा शब्द गिरणीमालकाच्या टपालात संशयित, तर बँकेच्या शाखेत रोजचाच.

वेब होस्टिंगच्या सी-पॅनेलमध्ये मिळणारी स्पॅमअसॅसिन ही चाळणी याच विचाराला इतर अनेक कसोट्यांची जोड देते. प्रत्येक कसोटीचे गुण मिळवून बेरीज पाचावर पोहोचली, की निरोप स्पॅम ठरतो. येथे अनेकांची गफलत होते. हा आकडा कमी केला म्हणजे चाळणी सैल होत नाही, उलट कडक होते. शिवाय बेझ-पद्धतीचा भाग किमान दोनशे चांगले व दोनशे टाकाऊ निरोप पाहिल्याशिवाय मतच देत नाही. तोवर स्वयंचलित नाश करण्याची सोय बंद ठेवून स्पॅम बॉक्स ही वेगळी पेटी चालू ठेवावी आणि दिवसाआड तिच्यात डोकावावे, हे शहाणपणाचे. कारण पेटीतला निरोप परत काढता येतो, नष्ट झालेला नाही. नेहमीच्या आडत्यांचे पत्ते विश्वासू यादीत घालावेत. मात्र स्वतःच्या संकेतस्थळाचे सरसकट नाव तेथे घालू नये. पाठविणाऱ्याचा पत्ता बनावट लिहिणे भामट्यांना सहज जमते.

बेझ यांना लंडनच्या बनहिल फील्ड्स दफनभूमीत चिरविश्रांती देण्यात आली. जगभरच्या संख्याशास्त्रज्ञांनी वर्गणी काढून १९६९ मध्ये त्या थडग्याची डागडुजी केली. पुस्तकांतून सर्वत्र छापले जाणारे त्यांचे चित्र त्यांचेच आहे का, याविषयी मात्र अभ्यासकांना दाट शंका आहे.