प्लेगच्या लसीचे जनक वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा नगरीत एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस सिद्ध केली व १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःच टोचून घेतली. पुढील वर्षी ते भारतात आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. भयभीत लोक शहर सोडू लागले आणि आपल्या लोणावळ्यावरून जाणाऱ्या लोहमार्गावरील पुण्यासही रोगाने गाठले. तेथे १८९७ मध्ये सरकारने गोऱ्या शिपायांकरवी घरझडत्या घेतल्या. लोक रोगाइतकेच उपायांना भिऊ लागले. रुग्ण दडविले जाऊ लागले.

हाफकिन यांचा मार्ग निराळा होता. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत, द्रवावर तुपाचे थेंब सोडून त्याखाली ते जंतू वाढवीत व उष्णतेने मारून लस करीत. १० जानेवारी १८९७ रोजी हीही लस त्यांनी आधी स्वतः घेतली. १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंधेरा गावी प्रत्येक घरातील काहींनाच ती टोचण्यात आली. प्लेग शिरलेल्या २८ कुटुंबांत लस घेतलेल्या ७१ पैकी ३ दगावले, न घेतलेल्या ६४ पैकी २६. खोजा समाजाचे प्रमुख आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस घेतली, तेव्हा त्यांचे हजारो अनुयायी पुढे आले. सरकारी हुकमाने जे साधले नसते, ते एका समाजप्रमुखाच्या उघड्या दंडाने साधले!

क्षयरोगाच्या बाबतीत हे काम अधिक अवघड आहे. प्लेगच्या भयाने लोक लसीकडे धावले. क्षय मात्र हळूहळू पोखरतो. काही आठवड्यांत बरे वाटते, सहा महिन्यांचे औषध मध्येच सुटते आणि लोकलज्जेने आजार लपविला जातो. मावळातील वाड्यावस्त्यांवर यासाठी एखादे शिबिर पुरत नाही. महिनोन्महिने घरी जाणारा विश्वासाचा माणूस लागतो.

विश्वास किती नाजूक असतो, हे हाफकिन यांनीही भोगले. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मृत्यू पावले. दोष प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली गावात उघडताना झालेल्या हयगयीकडे पुरावे बोट दाखवीत होते. तरी निर्दोषत्व मान्य होण्यास १९०७ उजाडले. ते भारतात परतले, परंतु कलकत्त्यास. मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. परळच्या त्या संस्थेस १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.